गाडीच्या आधी गल्ली मोजा

आई, बाबा,

नमस्कार. बाबांना फोन केला की दोन मिनिटात "बरं, ठेवतो" होतं, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. आई, तू चष्मा लावून वाचून दाखव त्यांना.

बाबा, तुम्ही नवी गाडी फोर्सची गुरखाच घ्यायची म्हणून बसलाय आणि मी मागचे दोन रविवार शोरूम पालथे घालतेय. सोबत मुद्दाम सासूबाईंना नेलं, त्यांचे गुडघे अगदी आईसारखेच आहेत. गाडी भारीच आहे हो ती, 2.6 लिटरचं डिझेल इंजिन, 140 हॉर्सपॉवर, जमिनीपासून 233 मिमी उंच, 700 मिमी पाण्यातून जाते म्हणतात. पण सासूबाईंनी आधी हँडल धरलं, मग पाय उचलला, मग पाय खाली ठेवला, मग यांनी मागून आधार दिला तेव्हा कुठे बसल्या, आणि उतरताना शिडीवरून उतरतात तसं तोंड आत करून उतरल्या. आता आईला महिन्यातून दोनदा जळगावला डॉक्टरांकडे न्यायचं असतं हे डोक्यात ठेवून सांगा. आणि 700 मिमीचं काय घेऊन बसलात, आपल्या नाल्याला गुडघ्याच्या वर पाणी आलं की तुम्ही स्वतः बैलगाडीसुद्धा घालत नव्हतात!

जिम्नी मला फार आवडली, खरं सांगते. सगळ्यात हलकी, सगळ्याच मॉडेलला फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) आणि लो गिअर मिळतो, चिखलात हलकी गाडी कमी रुतते हे तुम्हाला सांगायला नको. पण सीट चारच. तुम्ही दोघं, आम्ही दोघं, आणि चिमी कुठे बसणार? मागे डिकी 208 लिटरची, त्यात आईचा बिबड्यांचा डबा आणि लोणच्याची बरणी ठेवली की गव्हाचं कट्टं मांडीवर. इंजिन 1.5 पेट्रोल, 105 हॉर्सपॉवर, रोजच्या रस्त्याला ठीकठाक, पण पाच माणसं (बसलीच तर) घेऊन तोरणमाळचा घाट चढायचा तर जीव काढेल.

राहिली थार रॉक्स. पाच दरवाजे, पाच सीट. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2850 मिमी, जिम्नीचं 2590, म्हणजे वीतभराहून जास्त जागा आणि ती सगळी मागच्या सीटवर पायापाशी जाणवते, सासूबाई पाय पसरून बसल्या आणि घरी यायचं नावच घेईनात. डिकी 447 लिटर. चढायला हीसुद्धा उंचच आहे पण बाजूला पायरी बसवून घेता येते, ती आपण पहिल्याच दिवशी बसवू.

आता तुमचा आवडता मुद्दा. फोर बाय फोर पाहिजेच का? मी आधी नको म्हणत होते, पण मागच्या जुलैत केळीच्या मळ्याच्या वाटेवर जुनी गाडी रुतली आणि ट्रॅक्टर लावून काढावी लागली ते आठवलं. एक चाक जागच्या जागी गरगर फिरत होतं, दुसरं ढिम्म. काळ्या मातीत असंच होतं, ज्या चाकाला पकड नाही तिकडेच ताकद जाते. तुम्ही ट्रॅक्टरवर टाचेने जो डिफ लॉकचा पेडल दाबता ना, तेच काम रॉक्सच्या फोर बाय फोरमधे बटणाने होतं, मागची दोन्ही चाकं एकत्र फिरतात. लो गिअर पण ट्रॅक्टरसारखाच, वेग कमी जोर जास्त. गुरखाला पुढेही लॉक आहे, मान्य. आपल्याला बिनरस्त्याचा डोंगर चढायचा नाहीये बाबा.

किमतीचं बघा. 2024 मधे आली तेव्हा रॉक्स 12.99 लाखांपासून होती पण ती साधी पेट्रोल, फोर बाय फोर फक्त डिझेलला, तिथे आकडा 18.79 लाखांपासून सुरू. तेच मॉडेल टू व्हील 16.99, म्हणजे 1.80 लाखांचा फरक. गुरखा पाच दरवाज्यांची 18 लाख होती, जिम्नी 12.74 पासून. सप्टेंबर 2025 मधे जीएसटी 40 टक्के झाला, वरचा सेस गेला, त्यामुळे भाव थोडे उतरलेत, नक्की कोटेशन मी काढते. हे सगळे शोरूमचे भाव, वर आपल्याकडे डिझेलला 10 ते 20 लाखांपर्यंत 14 टक्के रोड टॅक्स, इन्शुरन्स वेगळा. केळीच्या पैशातून सगळं देऊ नका, थोडं मी टाकते, त्यावर वाद नको.

एक मात्र सांगते, रॉक्सचं आतलं पांढरं इंटिरियर घ्यायचं नाही. शोरूममधला मुलगा "मॅडम, प्रीमियम लुक" म्हणत होता, त्याला केळीचा चीक माहीत नाही. तुमच्या सगळ्या बनियन अजून काळ्या डागांच्या आहेत. तपकिरी मिळतं ते घेऊ.

आणि गाडी 1870 मिमी रुंद आहे, आरसे वेगळे. आपल्या गल्लीत चक्कीपाशी काकांचा ओटा पुढे आलाय तिथे टेप लावून मोजा, अंदाजे नको. उद्या फोन केला की तोच आकडा आधी सांगा, मग ठेवा.

तुमचीच,
ताई

(आई, बिबडे संपलेत.)