कुळ्यातल्या आजोबांना

आदरणीय आजोबा,
सप्रेम नमस्कार.

‘माझं नाव कुठं छापू नका’ असं निघताना तुम्ही बजावलंत, म्हणून हे पत्र नुसतं आजोबा म्हणून. घाटाच्या पायथ्याशी तुमच्या कुळे गावात ओळखणारे ओळखतीलच.

वास्कोहून आम्ही अकरा जण चालत निघालो होतो ते जुन्या मीटरगेजच्या आठवणी जपायला निधी जमवण्यासाठी. मुरगाव बंदरापासून घाट चढून कॅसलरॉकला जाणारा हा लोहमार्ग १८८८ मध्ये पूर्ण झाला. नव्वदच्या दशकात तो ब्रॉडगेज झाला, आणि त्या अरुंद रुळांवर राबलेली माणसं हळूहळू विस्मरणात गेली. त्यांचे फोटो, कागदपत्रं गोळा करायची, वाळवीपासून वाचवायची, मुलांना दाखवायची, एवढ्यासाठी हे चालणं. माझं कारण थोडं घरचंही होतं. माझ्या आजीचं माहेर घाटापलीकडच्या खानापूरचं. गोव्यात पोर्तुगीज राज्य असताना, १९५५ मध्ये हद्दीपलीकडे जाणारी गाडी बंद झाली, आणि तिचे वडील गेले तेव्हा ती मडगावात अडकून पडली. गोवा मुक्तीनंतर गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा कुठे ती आईच्या गळ्यात पडून रडली.

मडगाव, चांदर, सावर्डे इथवर सगळं ठीक झालं. तिसऱ्या दिवशी काले मागे पडलं आणि माझ्या टाचेचा फोड फुटला. त्यातच कुळ्यात ज्या सभागृहात मुक्काम ठरला होता तिथून फोन आला, जागा मिळणार नाही. रस्त्याच्या कडेला बूट काढून बसले होते, तेव्हा तुम्ही स्कूटर थांबवलीत. ‘कुठून आलात?’ नाही विचारलंत. ‘मोजा ओला आहे, आधी तो काढ,’ म्हणालात. तुमची ती खानापूरकडची बोली ऐकून मला आजीच आठवली.

त्या रात्री तुमच्या ओसरीवर आम्ही अकरा जण झोपलो. आजींनी कढत मिठाच्या पाण्यात माझा पाय बुडवायला लावला, मग उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर वाढली. अकरा परक्या माणसांसाठी तांदूळ उपसताना त्यांनी एकदाही डब्यात वाकून पाहिलं नाही.

पण आभार मानायचे आहेत ते त्यानंतरच्या दोन तासांचे. आम्ही सोबत आणलेले फोटो तुम्ही दिव्याखाली धरलेत. रूळ सांभाळणाऱ्या कामगारांच्या गँगचा एक फोटो होता, हातात हातोड्या, पाना, मागे घाटाचा कातळ. आमच्याकडे त्यातलं एकही नाव नव्हतं. तुम्ही पेन्सिलीचं टोक जिभेला लावलंत आणि फोटोच्या मागे एकेक नाव लिहू लागलात. हा कुठल्या गावचा, हा पावसाळ्यात दरड कोसळली तेव्हा रात्रभर बत्ती घेऊन उभा राहिलेला, याला गाता यायचं. स्वतःबद्दल मात्र एवढंच, ‘मी कीमन.’ कीमन म्हणजे काय हे आमच्यातल्या पोरांना ठाऊक नव्हतं. आपल्या बीटमधला, म्हणजे नेमून दिलेल्या टप्प्यातला रूळ रोज पायी तपासायचा, रुळाला धरून ठेवणारी चावी सैल दिसली की हातोडीनं ठोकून घट्ट करायची. ऊन असो, घाटातला पाऊस असो, एक दिवस चुकवायचा नाही. आम्ही तीन दिवस चाललो आणि लोकांनी आम्हाला हार घातले. तुम्ही किती वर्षं चाललात, आजोबा! तुम्हाला कोणी हार घातला होता का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

आणखी एक उपकार. पोरं सकाळी रुळांवरून दूधसागरला जायचं म्हणत होती. तुम्ही आवाज चढवलात. ३७ फुटांना एक फूट असा तो चढ, उतारावरची मालगाडी जागच्या जागी थांबत नाही, बोगद्यात अंग चोरायलाही जागा नसते. तेवढ्यात घाटाकडे निघालेल्या गाडीला मागून ढकलणाऱ्या बँकर इंजिनाची शिट्टी आली आणि तुम्ही मान न वळवता म्हणालात, ‘लागलं मागं.’ पोरं गप्प झाली. आमचं चालणं कुळ्यातच संपलं, हेच बरं झालं.

निधीच्या डब्यात तुम्ही घडी घालून टाकलेली नोट आम्ही नंतर पाहिली. नको म्हणायला तुम्ही वाव ठेवला नव्हता.

फोटोच्या मोठ्या प्रती काढल्या आहेत. येत्या रविवारी घेऊन येते, आजींसाठी मडगावच्या बाजारातून खाजंही आणीन. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा, कानात बिडी अडकवलेला, त्याच्यापाशी तुमची पेन्सिल थांबली होती. त्याच्या मागची जागा कोरी ठेवली आहे. नाव आठवलं तर लिहाल ना?

देव बरें करूं.
तुमची नात,
मडगाव