गाडी घेत नाहीये

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की आईचा आवाज बदलतो, बाबा "बरं, बघ" म्हणतात, आणि मग भाजी काय केली यावर गाडी येते. म्हणून लिहितेय. गाडी घेत नाहीये मी. ठरवलंय. या हिवाळ्यातही ऑफिसला सायकलनेच जाणार.

आई, शेवटपर्यंत वाच, मधेच दादाला फोन लावू नकोस. नाशिकच्या द्वारका चौकातल्या त्या प्रकारानंतर दोन चाकं म्हटलं की तुझ्या पोटात गोळा येतो, हे कळतं गं मला. पण तिथे दादाच्या अंगाला घासून ट्रक जात होते. इथे फिनलंडमध्ये, ओउलूत, सायकलचा रस्ताच वेगळा. मोठा रस्ता आडवा आला की त्याच्या खालून बोगदा. अंधारात दिवे. बर्फ पडला की लोक कामावर निघायच्या आत मशीन फिरून जातं. मीठ टाकून राडा करण्यापेक्षा बर्फ दाबून घट्ट करतात. हिवाळ्यात सायकल चालवणाऱ्यांची जगातली पहिली परिषद 2013 मध्ये याच गावात भरली, ती काही उगाच नाही. उणे 15 ला शाळेतली पोरं दप्तर पाठीला लावून सायकलवर जातात. त्यांनाही आया आहेत.

माझ्या टायरना बारीक खिळे बसवलेले आहेत. बर्फाच्या काचेवर ते कर्र करत पकड घेतात. वळणावर ब्रेक मारायचा नाही, हवा जराशी कमी ठेवायची, एवढं सांभाळलं की झालं. गाडी असती तरी सकाळी काचा खरवडायच्या, इंजिन गारठू नये म्हणून आधी तिला विजेची वायर जोडायची, शिवाय विमा. त्यापेक्षा ते पैसे आईच्या गुडघ्यासाठी ठेवलेत. यावर आता "मला कुठे काय झालंय" सुरू करू नकोस. जिना उतरताना तू आडवी उतरतेस, व्हिडिओ कॉलवर दिसतं.

थंडी वाजते का, तर निघाल्यावर थोडा वेळ वाजते. वाजायलाच हवी. दारातच ऊब वाटली तर पुढे घाम येतो आणि तो ओला कपडा अंगावर गार पडतो, खरा त्रास तोच. अंगालगत लोकरीचं, त्यावर एक स्वेटर, सर्वांत वर वारा अडवणारं जॅकेट. ताशी 20 किलोमीटरने चाललं की उणे 15 अंगाला उणे 24 सारखं लागतं, म्हणून वारा अडवणं महत्त्वाचं. हे मला इथल्या कुणी शिकवलेलं नाही. बाबा, पहाटेच्या पाळीला प्रेसमध्ये जाताना तुम्ही स्वेटरच्या आत कालचा देशदूत खोचायचात. (आई ओरडायची, रद्दी कमी भरते म्हणून.) मला नळीवर बसवून शाळेत सोडायचात तेव्हा माझे हात हँडलवर, त्यावर तुमचे हात. आता हँडललाच मोठाले जाड खिसे लावलेत, हात सरळ त्यात घालायचे. घालताना रोज तुम्ही आठवता. बाकी हातमोजे ऊबदार आहेत, काळजी नको.

आई, रात्री सायकल घरात आणायची तुझी सूचना चांगली होती, पण ती उलटी पडते. घरात बर्फ वितळून पाणी ब्रेकच्या केबलमध्ये शिरतं आणि बाहेर काढलं की तिथेच गोठतं. ती बिचारी शेडमध्येच बरी. मी मात्र घरात एका टी-शर्टवर असते, इतकं गरम असतं. डिंकाचे लाडू पोचले. रोज एक खाते. बरं, दोन. आणि पारा उणे 25 च्या खाली गेला की बसनेच जाईन, तुझी शपथ.

आता तुमचं. निफाडचा मामा बागेत शेकोट्या पेटवतोय, इतका गारठा आहे, आणि बाबा साडेपाचला अंधारात सायकल काढून देवळाली कॅम्पपर्यंत जाताहेत, हे मला मामाकडून कळावं? "पोरगी उणे 15 ला चालवते, मग मी आठ अंशांत का नको," हे तुमचं वाक्यही त्यानेच सांगितलं. बाबा, थंडीत रक्तवाहिन्या आखडतात, बीपी वर जातं, आणि तुमचं मुळातच वर असतं. सायकल सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. कॉलनीत तुमच्याएवढं ताठ बसून चालवणारं दुसरं कोणी नाही. फक्त ऊन अंगावर आल्यावर निघा. सुरुवातीला सावकाश चालवा, चढ नको. नाकातोंडावर मफलर हवाच, माकडटोपी चालेल, हसणाऱ्यांना हसू द्या. छातीत जड वाटलं, धाप लागली, तर जिथे असाल तिथे थांबून दादाला फोन. "बसेल थोड्या वेळात" चालणार नाही. मागचा लाल दिवा दादा रविवारी बसवून देईल, तो काढून कपाटात ठेवू नका.

आई, गोळी त्यांनी घेतली का ते तूच बघ, विचारू नकोस, ते हो म्हणतात. आणि डॉक्टरांकडे या आठवड्यात जाऊन या, दोघंही. रिक्षाने. सायकलने नाही.

तुमची,
मनू