पोरांना स्वतः सरळ करता येईल ती होडी

प्रिय अजित,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. दहा ते सतरा वयाची मुलं, त्यातली बरीचशी अगदी कोरी, आणि त्यांच्यासाठी दोन कॅटामरान, म्हणजे जोडतळाच्या शिडाच्या होड्या, घ्यायच्या. कुठली घेऊ, असं तू विचारलंस. नावांकडे येतोच, पण आधी मुलांची वजनं एका कागदावर लिहून काढ. होडीची निवड वयावरून करतात आणि तिथेच फसतात. बारा वर्षांची दोन मुलं मिळून ७० किलोची असू शकतात, तशी ११० किलोचीही असतात. होडीच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं आहेत.

माझी कसोटी एकच आहे: होडी कलंडली की त्या दोघांना, कुणाची मदत न घेता, ती पुन्हा सरळ करता आली पाहिजे. शिकताना होडी उलटणारच. दोनदा-तीनदा स्वतःच्या हाताने उभी केली की पोराची भीती जाते. दर वेळी मोटरबोटीची वाट बघत पाण्यात लोंबकळावं लागलं, तर पोर शिकतं ते एवढंच की वारा वाढला की घरी बसावं.

होडी जितकी जड तितकी सरळ करायला कठीण, असं सगळे समजतात. ते अर्धंच खरं आहे. कॅटामरान आडवी पडते तेव्हा एक हल (तिच्या दोन लांब तरंगत्या तळांपैकी एक) पाण्यात, दुसरा बरोबर त्याच्या वर, आणि दोघांमधलं ताणलेलं बसायचं कापड, ट्रॅम्पोलिन, भिंतीसारखं उभं असतं. हलचं वजन खालच्या हलवर जवळजवळ तोललेलं असतं, ते फारसं आड येत नाही. आड येते ती पाण्यात पसरलेली डोलकाठी आणि तिच्यावरचं ओलं शीड. हिशोब करून बघ. डोलकाठी, शीड आणि डोलकाठीला धरणाऱ्या तारा मिळून समज २० किलो, आणि त्यांचा भार हलपासून सरासरी चार मीटरवर. म्हणजे वजन गुणिले अंतर, ८० किलो-मीटर. उलट बाजूला मुलं खालच्या हलवर उभी राहून, वरच्या हलवरून टाकलेल्या दोरीला धरून मागे रेलतात, तेव्हा त्यांच्या शरीराचा मध्य हलपासून जेमतेम ८० सेंटिमीटर बाहेर जातो. एवढ्या अंतरावर ८० किलो-मीटर भरायला १०० किलोची जोडी लागते, आणि शिडात साचलेलं पाणी धरलं तर त्याहून जास्त. आता डोलकाठी सहा मीटरची आणि शीड लहान घे. १२ किलो तीन मीटरवर, म्हणजे ३६. पन्नास किलोची जोडीही ती उचलते. म्हणून कॅटलॉगमध्ये होडीच्या वजनाच्या आधी डोलकाठीची उंची आणि शिडाचं क्षेत्रफळ बघ.

हॉबी १६ हे नाव तुला प्रत्येक जण सुचवेल. जगात एक लाखाहून जास्त बनल्या आहेत, सुटे भाग मिळतात, शिकवणारे मिळतात. होडी उत्तम आहे. पण २१८ चौरस फूट शीड, आठ मीटरच्या आसपास डोलकाठी, १४५ किलो वजन. ती सरळ करायला साधारण १३५ किलोची जोडी लागते असा ठोकताळा आहे. सोळा-सतरा वर्षांच्या दोन धडधाकट मुलांना ती जमेल, दहा-बारा वर्षांच्यांना नाही. त्यांना हीच द्यायची वेळ आली तर सरळ करायची पिशवी सोबत हवी. दोरीला बांधलेली ही जाड कापडी पिशवी पाण्यात बुडवून भरायची आणि ओढताना पाण्याबाहेर लटकती ठेवायची. पाण्यात असेपर्यंत तिला काही वजन नसतं, बाहेर आली की ४० लिटरची पिशवी ४० किलोचं तिसरं माणूस होते. मुलांच्या हे लक्षात येत नाही, ती पिशवी पाण्यातच ठेवून ओढत बसतात.

लहान गटासाठी १२ ते १३ फुटी, एकाच शिडाची, प्लास्टिकची होडी घे. हॉबी वेव्ह या जातीची आहे: १३ फूट, १११ किलो, ९५ चौरस फूट शीड आणि बूम नाही. शिडाखालचा आडवा दांडा नसणं ही मोठी सोय आहे. वळताना डोक्याला फटका बसायची धास्ती नसली की पोरं पाण्याकडे बघतात, वरच बघत राहत नाहीत. हॉबी ब्राव्होचं शीड डोलकाठीभोवती गुंडाळता येतं, त्यामुळे वारा वाढला की तितकंच कमी उघडायचं. पण तिची डोलकाठी आणि हल दोन्ही बेताचे, थोड्या मोठ्या मुलांना ती लवकर पुरेनाशी होते.

मोठ्या गटासाठी, आणि ज्यांना पुढे शर्यतीत जायचंय त्यांच्यासाठी, नाक्रा १५ आहे. २०१८ च्या ब्यूनस आयर्सच्या युवा ऑलिंपिकमध्ये हीच होती, आणि ऑलिंपिकच्या नाक्रा १७ कडे जाणारी वाट तिच्यावरूनच जाते. पण दोन ट्रॅपीझ (होडीबाहेर रेलताना लटकायच्या तारा), पाण्यात खाली सरकवायचे बोर्ड, पुढे मोठं जेनेकर शीड असा कारभार असतो. जो मुलगा अजून मेनसेलची (मुख्य शिडाची) दोरी कधी सोडायची हेच शिकतोय त्याच्या हाती इतक्या दोऱ्या दिल्या तर तो एकही नीट शिकणार नाही. पहिल्या वर्षी नको.

सरळ करायचे टप्पे मुलांना जमिनीवर आडवी होडी ठेवून पाठ करून घे. क्रम चुकला की वजन असूनही होडी उठत नाही. आधी दोघांनी एकमेकांना हाक मारून खात्री करायची, कुणी शिडाखाली किंवा ट्रॅम्पोलिनखाली नाही ना. मग मेनसेलची आणि जिबची (पुढच्या लहान शिडाची), दोन्ही दोऱ्या क्लीटमधून, म्हणजे दोरी पकडणाऱ्या चापातून, मोकळ्या. बहुतेक वेळा होडी न उठायचं कारण हेच असतं, दोरी अडकलेली आणि शीड पाण्याने भरलेलं. त्यानंतर एकाने खालच्या हलवर पुढे सरकायचं. त्याच्या वजनाने नाळ, म्हणजे पुढचं टोक, थोडी बुडते आणि अडते, बाकी होडी वाऱ्याबरोबर वाहत जाते आणि टोक आपोआप वाऱ्याकडे वळतं. याला एक-दोन मिनिटं लागतात आणि पोरांना तेवढाही धीर नसतो. वारा जिकडे वाहतो त्या बाजूला डोलकाठी असताना ओढलं तर वारा ट्रॅम्पोलिनवर बसून होडीला दाबून ठेवतो. वारा जिकडून येतो त्या बाजूला ती असली तर वारा शिडाखाली शिरून होडी उचलतो खरा, पण थेट दुसऱ्या बाजूला आपटतो. टोक वाऱ्याकडे आलं की दोरी वरच्या हलवरून टाकायची, दोघांनी चिकटून उभं राहायचं, गुडघे सरळ, कंबर सरळ, पाठ पाण्याकडे. वाकून हाताने ओढण्यात काही अर्थ नाही, लांब झाल्याने वजन बाहेर जातं. डोलकाठीचं टोक पाण्यातून हातभर वर आलं की वाऱ्याची मदत मिळते आणि होडी झपकन येते. वरचा हल डोक्यावर येतोय हे विसरायचं नाही. आणि दोन हल जोडणारी पुढची आडवी नळी लगेच घट्ट धरायची. मोकळी सुटलेली कॅटामरान पोहणाऱ्यापेक्षा जोरात जाते.

डोलकाठीच्या टोकाला फुगा मात्र दोन्ही होड्यांना हवाच. तो नसला तर आडवी होडी काही मिनिटांत पूर्ण उपडी होते, डोलकाठी सरळ खाली, आणि मग मुलांच्या हातात काही उरत नाही. डोलकाठी आतून बंद आहे ना हेही बघ. जुनी असेल तर तिला आडवी करून दहा मिनिटं पाण्यात दाबून धरायची, मग उभी करून खालून पाणी ठिबकतं का पाहायचं. आत पाणी शिरलेली डोलकाठी म्हणजे वरचं सगळं गणित कोसळलं. पुन्हा चढण्यासाठी मागच्या नळीला पाय अडकवायला दोरीचा फास बांध. दमलेल्या पोराला हाताच्या जोरावर वर येता येत नाही.

आता टॅक, म्हणजे टोक वाऱ्यासमोरून पलीकडे वळवणं. एकहल होडीची सवय असलेल्या शिक्षकाला इथे पहिला धक्का बसतो. कॅटामरान हलकी, रुंद, दोन लांब हलांवर सरळ जाऊ पाहणारी. वाऱ्यासमोर वळताना तिला पुढे नेणारा जोर नसतो, सुकाणू झटक्यात फिरवलं की ते ब्रेकसारखं काम करतं आणि ती अडकून उभी राहते. वेग घेऊन, वाऱ्याला चिकटून (जमेल तितकं वाऱ्यासमोर), टिलर (सुकाणूचा दांडा) हळूहळू वाढवत ढकलायचा. जिब असेल तर ती उलट्या बाजूला फुगेपर्यंत सोडायची नाही, तीच टोक फिरवून देते. टोक वाऱ्यापलीकडे गेलं की मेनसेलची दोरी हातभर सैल. अडकलीच, तर टिलर आणि शीड दोन्ही आपल्यापासून एकाच बाजूला ढकलायचे. होडी मागे सरकत वळते, वारा बाजूने लागला की दोन्ही परत ओढायचे.

दुसरी गोष्ट नाळ बुडण्याची. वारा मागून-बाजूने घेऊन जाताना वाऱ्याआडच्या (वाऱ्यापासून लांबच्या) हलचं टोक पाण्यात शिरतं आणि होडी टोकावरून कोलांटी घेते. हॉबी १६ ची नाळ बारीक, तिला ही खोड जास्त. पुढे फुगीर हल असलेली होडी अशी चूक माफ करते, म्हणून नवख्यांना तीच बरी. उपाय म्हणजे दोघांनी मागच्या कोपऱ्यात सरकायचं आणि जिब आधी सोडायची.

प्लास्टिक की फायबर, याचं उत्तर शिकाऊंसाठी सरळ आहे. प्लास्टिकचा हल दगडावर घासला, धक्क्याला आदळला, एकमेकांवर चढला तरी ओरखड्यावर भागतं. फायबर हलकं आणि ताठ, दुरुस्त करायलाही सोपं, पण दर आठवड्याला दुरुस्ती कोण करणार? प्लास्टिकची खरी शत्रू उन्हातली साठवण. दोन अरुंद लाकडांवर उन्हाळाभर ठेवलीस तर तळाला खड्डे पडतात, म्हणून हलच्या आकाराचे रुंद आधार आणि वर झाकण हवं. शिवाय प्लास्टिक जड, तेव्हा जाड टायरची चाकं होडीबरोबरच घे. ती नसली की चार पोरं होडी ओढण्यातच दमतात.

मोठ्यांसाठी जुनी फायबर होडी मिळत असेल तर सावकाश तपास. डेकवर, पुढच्या नळीच्या आसपास आणि नाळेपर्यंत, अंगठ्याने वीतभर अंतराने दाबत जा. कुठे दबलं किंवा आतून चरचर ऐकू आली तर आतला फोम सुटलाय. मग नाण्याने ठोक: चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. दोन-चार इंचाचा डाग राळ भरून निभतो, हातभर असेल तर होडी सोडून दे. एक नाळ उचलून बघ. दुसरी लगेच मागोमाग उठायला हवी, ती बराच वेळ जमिनीवरच राहिली तर नळ्यांचे सांधे ढिले झालेत. हल गळतो का पाहायला, हवेचं बारीक भोक बोटाने बंद करून, पाणी काढायच्या बुचाच्या जागेतून नळीने तोंडाने हवा फुंकायची आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे कुठे येतात ते कळतं. कॉम्प्रेसर चुकूनही लावू नकोस, जोड उसवतात.

डोलकाठीच्या तारांवरून सुती फडकं फिरव, तुटलेला एक धागा असला तरी ते अडकतं. तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या नळीपाशी गंज दिसला किंवा तारा किती जुन्या हे विकणाऱ्याला सांगता आलं नाही, तर सगळ्या बदल. डोलकाठी पडण्यापेक्षा ते स्वस्त आहे. ट्रॅम्पोलिनचं कापड बहुधा टिकतं, शिवण उन्हाने जाते: दोऱ्यावर नख घास, भुगा होऊन तुटला तर नवीन शिवून घ्यावं लागेल. सुकाणूचं पातं पूर्ण खाली जाऊन कुलूप बसतं का, हे दहा वेळा करून बघ. पातं थोडं जरी मागे झुकलेलं राहिलं तर टिलर इतका जड होतो की लहान मुलाचा हात पाव तासात भरून येतो, आणि आपण म्हणतो पोर कंटाळलं.

मेनसेलच्या दोरीला कप्प्या किती आहेत तेही मोज. शिडावर ६० किलोचा ताण असेल तर सहापट कप्पीत हाताला १० किलो आणि वर घर्षण. चौपट असेल तर १५. लहानांच्या होडीला कप्पी वाढवली तर दोरी लांब होते, गुंता थोडा वाढतो, तरी तेच कर.

आणि जागा ठरवताना किनाऱ्यापासून पाण्यापर्यंतच्या वाटेवर डोक्यावरून विजेच्या तारा जातात का, ते पहिल्या दिवशी बघ. ॲल्युमिनियमची डोलकाठी तारेला लागून माणसं मेली आहेत. हॉबीने डोलकाठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबरचा केला तो याचसाठी. तरीही ओल्या डोलकाठीवर विसंबू नये, होडी जुळवायची जागाच तारांपासून लांब हवी.

पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून एक तास मागून घे. यादीतली सगळ्यात हलकी जोडी लाइफ जॅकेट घालून, खोल पाण्यात, शेजारी मोटरबोट ठेवून होडीवर चढव आणि होडी मुद्दाम पाड. उथळ पाण्यात करू नकोस, डोलकाठी चिखलात रुतून वाकते. तीनदा पाडायची. तिसऱ्यांदा मुलं दमलेली असतात, तेव्हा उभी राहिली तर घे. नाही राहिली, तर किती कमी पडतंय ते मला कळव, मुलांच्या वजनांसकट. पिशवीने भागेल की होडीच बदलावी लागेल, ते त्या आकड्यांवरून सांगता येईल.

तुझा,
विनय