फुलांचे भाव छापता, तशी त्यांची निगाही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मार्केट यार्डातल्या फुलांचे भाव येतात, झेंडू एवढा, शेवंती एवढी, गुलछडी, डच गुलाब २० नग, जरबेरा १० नग, आणि मी पेपर हातात आला की आधी तेच पान काढते कारण कोथरूडला माझं बुके आणि हारांचं छोटं दुकान आहे, १८ वर्षं झाली. भाव पडले की रस्त्यावर ओतलेल्या झेंडूचा फोटो पण येतो. पण फूल झाडावरून काढल्यापासून आपल्या घरातल्या फ्लॉवरपॉटमध्ये येईपर्यंत त्याचं काय काय होतं, यावर मी तरी तुमच्याकडे कधी दोन ओळी वाचल्या नाहीत. आणि इतक्या वर्षांत मला जे दिसलंय ते हेच की शेतकऱ्याने तीन महिने जपलेलं फूल आपण सगळे मिळून चार तासात घालवतो.

फूल तोडलं म्हणजे ते संपलं असं नसतं हो. ते श्वास घेत असतं, पाणी ओढत असतं, फक्त आता मुळं नाहीत म्हणून दांड्यात जेवढं साठलंय त्यावर दिवस काढतं. उन्हात ठेवलं की त्याचा श्वास वाढतो, साधारण १० अंश तापमान वाढलं की दुपटी तिपटीने, म्हणजे तेवढ्याच वेगाने त्याची शिदोरी संपते. म्हणून मावळातले पॉलीहाऊसवाले, म्हणजे प्लास्टिकच्या छताखाली फुलं पिकवणारे शेतकरी, पहाटे पहाटे काढणी करतात, डच गुलाब लगेच पाण्यात उभे करतात आणि २ ते ४ अंशाच्या कोल्ड रूममध्ये नेतात. माझ्या दिरांचं तिकडे जरबेऱ्याचं पॉलीहाऊस आहे, त्यामुळे हे मी डोळ्याने पाहिलंय. जरबेरा तर कात्रीने कापतच नाहीत, दांडा हाताने बाजूला वाकवून ओढून काढतात आणि मग खालचा कडक भाग कापून टाकतात कारण तिथून पाणी नीट वर चढत नाही. एवढं सगळं करून गड्डी शहरात येते आणि मग भर दुपारी कुठेतरी टेम्पोच्या टपावर किंवा स्कूटरच्या पायाशी कोरडी पडून असते.

एक प्रसंग सांगते, त्याच्यावरूनच मला हे पत्र लिहावंसं वाटलं. मे महिन्यातलं लग्न होतं, डेकोरेशनवाल्यांना मी २५ गड्ड्या पांढरं कार्नेशन दिलं, आदल्या संध्याकाळी आलेला एकदम ताजा माल. दुसऱ्या दिवशी दुपारी नवरीच्या आईचा फोन, ताई तुम्ही शिळी फुलं दिलीत, सगळी मिटलीयेत. मला रडायलाच आलं. दुकान बंद करून तशीच कार्यालयात गेले तर खरंच पाकळ्या आत वळून फुलं मलूल पडलेली, आणि पाणी मात्र बादल्यांमध्ये भरपूर होतं. मग ज्या खोलीत रात्री फुलं ठेवली होती तिथे गेले, आणि दार उघडल्या उघडल्या जो वास आला त्यातच उत्तर मिळालं. आमरसासाठी आणलेल्या हापूसच्या पेट्या, गवतात पिकत घातलेल्या, भिंतीला लावून रचलेल्या आणि त्यांच्या पुढ्यात माझ्या बादल्या. खिडक्या बंद.

आपल्याकडे आजी आंब्याची अढी घालायची तेव्हा कच्च्या आंब्यांमध्ये एक पिकलेला ठेवायची ना, तो बाकीच्यांना पिकवतो. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो त्याचं ते काम. तोच वायू फुलाला म्हातारं करतो. कार्नेशन तर इतकं नाजूक की हवेच्या दहा लाख भागांत या वायूचा एक भाग असला तरी ते मिटतं आणि मिटलेलं कार्नेशन परत उघडत नाही. गाडीच्या आणि जनरेटरच्या धुरात पण हाच वायू असतो. डेकोरेशनवाल्या पोरांना मी दोष देत नाही, त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही अर्धवटच माहीत होतं. पण त्या माउलीच्या मुलीच्या लग्नात फुलं सुकली ती सुकलीच.

दुसरी गोष्ट बादलीची. तुमच्या घरातल्या फ्लॉवरपॉटच्या आतून एकदा बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर ते जंतूंचं लिंपण आहे. दांडा म्हणजे बारीक बारीक नळ्याच, हे जंतू त्यात जाऊन अडकतात आणि वर पाणी चढायचं बंद होतं, मग गुलाबाची मान लवते आणि आपण म्हणतो फुलवाल्याने फसवलं. हवेचा बुडबुडा अडकला तरी तेच होतं. मी मान टाकलेला गुलाब फेकत नाही, टबात पाणी घेऊन दांडा पाण्याच्या आतच दोन बोटं तिरका कापते, मान सरळ राहील असा कागदात गुंडाळते आणि कोमट पाण्यात खोल उभा करून ठेवते, तास दोन तासात बरेच गुलाब मान वर काढतात. परवाच एक काका असे १२ गुलाब परत द्यायला आले होते, त्यांना बसवून घेतलं, चहा दिला आणि त्यांच्या समोर ९ उभे केले.

घरी काही मोठं करायचं नाहीये. भांडं साबणाने घासा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, पाणी एक दिवसाआड बदला आणि बदलताना दांडा थोडा कापा. लिटरभर पाण्यात एक चमचा साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि कपडे धुवायच्या ब्लीचचे थोडे थेंब घाला, पण ब्लीच आणि लिंबू थेट एकमेकांत ओतू नका, आधी पाणी घ्या आणि मग एकेक घाला. नुसती साखर घालू नका, ती फुलाच्या आधी जंतूच खातात. जरबेऱ्याला चार बोटं पाणी पुरे, जास्त पाण्यात त्याचा लवदार दांडा कुजतो. ग्लॅडिओलस उभाच ठेवा, आडवा ठेवला की शेंडा वर वळतो आणि मग तो वाकडाच राहतो. ऑर्किड आणि अँथुरियम फ्रीजमध्ये घालू नका, ती गरम प्रदेशातली फुलं, गारठ्याने काळी पडतात. आणि फ्रीजमध्ये सफरचंदं असतील तर कुठलंच फूल नको.

डेकोरेशनवाल्या भावांना एक विनंती, फुलांच्या काड्या टोचायचा तो हिरवा फोम पाण्यात दाबून बुडवू नका. पाण्यावर नुसता सोडा, तो त्याचा त्याचा पाणी पिऊन खाली बसतो. दाबला की आत कोरडी जागा राहते आणि जी काडी नेमकी तिथे टोचली जाते ती स्टेजवर सगळ्यात आधी सुकते. तो फोम प्लास्टिकचाच आहे, कुजत नाही, त्यामुळे जिथे भांड्यात पाणी ठेवून भागतं तिथे तो वापरूच नये असं माझं मत आहे.

हे शिकायला आपल्याला लांब जायला नको हो. फुलांवर संशोधन करणारं केंद्राचं संचालनालय इथेच पुण्यात आहे, तळेगाव दाभाड्याला काढणीनंतरच्या तंत्राचं प्रशिक्षण देणारी संस्था आहे. पण ते ज्ञान मोठ्या पॉलीहाऊसवाल्यांपर्यंत पोचतं, गजरे विकणाऱ्या मावशीपर्यंत, टेम्पोवाल्यापर्यंत, मांडवातल्या पोरापर्यंत येत नाही, आणि फूल शेवटी त्यांच्याच हातात असतं. ते सगळे तुमचा पेपर वाचतात, निदान भाव तरी बघतातच. म्हणून विनंती आहे की या संस्थांमधल्या जाणकारांकडून साध्या मराठीत लिहून घ्या आणि भावाच्या चौकटीखाली दर आठवड्याला एका फुलाची निगा चार ओळीत छापा. गणपतीच्या आधी सुरू करा, कारण एकदा गणपती बसले की दिवाळी होईपर्यंत आमच्या धंद्यात कोणाला मान वर करायला वेळ नसतो.

आपली नम्र,
एक फुलवाली, कोथरूड, पुणे