एक किलो रद्दी, एकशे वीस कुंड्या: म्हापशाच्या रद्दीवाल्या काकांना आभारपत्र

काका, सप्रेम नमस्कार.

पावसाळी भाजीची रोपं जमिनीत गेली, हात जरा मोकळे झाले, म्हणून हे पत्र. दर शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत तुम्ही आमच्यासाठी वेगळा गठ्ठा बांधून ठेवता; त्या कागदाच्या कुंड्या वळून आम्ही त्यांत रोपं वाढवतो आणि कुंडीसकट जमिनीत लावतो. तो नसता तर यंदाची मिरची, वांगी, काकडी आणि दुधी पुन्हा काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतच वाढली असती. तुम्ही म्हणाल, मी काय केलं, रद्दीच तर विकली! पण कागदी कुंडीत जे बिघडतं त्यातलं निम्मं कुंडी वळायच्या आधी, कागद निवडतानाच बिघडलेलं असतं. ती निवड तुमची. आभार उघड मानतो आहोत ते एवढ्यासाठी की बाकीच्या परसबागवाल्यांनाही कळावं, रद्दीवाल्याकडे नेमकं काय मागायचं.

पुरवण्यांचे चकचकीत कागद तुम्ही आधीच बाजूला काढता, हा पहिला उपकार. त्या कागदावर पांढऱ्या मातीचा लेप असतो. तो पाणी नीट पीत नाही, घडी धरत नाही, वळलेली कुंडी हात काढला की उलगडते. शिवाय जमिनीत तो लवकर विरत नाही आणि मुळं आतल्या आत गोल गोल फिरत बसतात. रोप पंधरा दिवस जागचं हलत नाही, आणि माणूस खताला दोष देतो.

दुसरा उपकार कागदाच्या वयाचा. वर्षभर उन्हात पडलेला पेपर पिवळा पडतो आणि घडीवर मोडतो. कालचा पेपर घेतला तर शाई बोटांना लागते. दोन ते सहा महिन्यांपूर्वीचा, सावलीत सपाट ठेवलेला कागद उत्तम. एकदा भिजून वाळलेला पेपर तुम्ही गठ्ठ्यात येऊच देत नाही, तेही बरोबर. दिसायला तो ठीक असतो, पण त्याचे तंतू सैल झालेले असतात आणि बुरशी आधीच घर करून बसलेली असते. अशी कुंडी आठवड्यात तळातून सुटते.

शाईने रोपाला अपाय होतो का, हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. काळी शाई म्हणजे मुख्यतः काजळी आणि तेल. खाण्याचे पदार्थ पेपरात बांधू नयेत हे खरंच. २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत त्याला मनाई आहे. गरम, तेलकट भजी थेट शाईला चिकटतात, तिथली गोष्ट वेगळी. कुंडीसाठी काळ्या मजकुराची पानं घ्यावीत आणि रंगीत जाहिरातींची पानभर चित्रं सोडावीत, एवढी काळजी आम्ही घेतो.

आता ज्यासाठी तुमचे खास आभार, ती फाडण्याची दिशा. पेपर वरून खाली फाडला की पट्टी सरळ निघते, आडवा फाडला की वाकडातिकडा दात पडतो, हे तुम्ही गठ्ठ्यावरचं एक पान फाडून दाखवलंत. कागद कारखान्यात तयार होताना त्याचे बहुतेक तंतू एकाच दिशेला लागतात, आणि मोठ्या पेपरात ती दिशा पानाच्या उभीत येते. म्हणून पानाची लांबी बाटलीभोवती गुंडाळली की तंतू कुंडीभोवती आडवे येतात, पिंपावरच्या लोखंडी कड्यांसारखे. माती आतून ढकलते तेव्हा ताण त्यांच्या लांबीवर येतो. उलट दिशेने वळलेल्या कुंडीला भिजल्यावर उभी चीर जाते. बरेच लोक इथेच फसतात आणि पेपरच कमजोर म्हणून सोडून देतात.

मापं अशी. मोठ्या पेपरचं एक सुटं पान साधारण ३३ सेंमी रुंद आणि ५४ सेंमी लांब असतं. पेपरागणिक थोडा फरक पडतो, मोजून घ्यावं. ते उभं दुमडून साडेसोळा सेंमीची दुहेरी पट्टी करायची. साच्याला साडेसहाशे मिलीची बिअरची बाटली घ्यायची, सुमारे ७ सेंमी रुंद, सरळ अंगाची; गोव्यात ती शोधायला लांब जावं लागत नाही. पट्टीची घडीची कड बाटलीच्या गळ्याकडे आणि सुटी कड तळाकडे ठेवायची. तळाच्या बाहेर ५.५ सेंमी कागद सोडायचा आणि गुंडाळायचं. सव्वादोन-अडीच वेढे बसतात, म्हणजे भिंतीला चार-पाच थर. फार घट्ट गुंडाळलं तर बाटली निघत नाही. मध्ये एक बोटाचं पेर जेमतेम सरकेल इतपत सैल ठेवावं.

तळ दुमडायला सुरुवात शेवटच्या सुट्या टोकापासून करायची, म्हणजे ते टोक बाकीच्या घड्यांखाली अडकतं. चार-पाच घड्या मध्याकडे आणायच्या, ओल्या बोटाने एकदा पुसायच्या आणि बाटली जमिनीवर दाबून अर्धा फेरा फिरवायची. बाटलीचा तळ आत खोलगट असतो, घड्या त्या खोलगटात चेपून बसतात. तळ सुटण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: बाहेर सोडलेला कागद कमी. बाटलीच्या निम्म्या रुंदीइतका, म्हणजे साडेतीन सेंमीच, कागद सोडला तर घड्या मध्यावर जेमतेम भेटतात, एकमेकींवर चढत नाहीत. वरची दोन सेंमी कुंडी आत दुमडायची. दुमडली नाही तर पहिल्याच पाण्याला काठ मान टाकतो. तयार कुंडी ९ सेंमी उंच होते.

खळीबद्दल तुम्ही पहिल्याच दिवशी "पीठ लावलं की उंदीर आलेच" म्हणाला होतात. गव्हाची खळ असो की भाताची पेज, झुरळं आणि मुंग्या आधी येतात, उंदीर मागाहून. त्यात बुरशीलाही आयतं जेवण. घड्या नीट बसल्या तर चिकटवायची गरज नाही. चिकटपट्टी आणि स्टेपलरच्या पिना तर नकोतच. पट्टी कुजत नाही आणि पीन पुढे कधीतरी खुरपणी करताना बोटात शिरते.

हिशेबही सांगून ठेवतो. असं एक पान साधारण ८ ग्रॅमचं. एका किलोत सव्वाशे पानं, पाचेक फाटकी निघाली तरी १२० कुंड्या सहज. कुंडीत सुमारे ३०० मिली मिश्रण मावतं, म्हणजे दहा लिटरच्या बादलीत तीस कुंड्या भरतात. बादलीत चार भाग चाळलेली तांबडी माती, तीन भाग काथ्याचा भुसा (कोकोपीट) आणि तीन भाग गांडूळखत. आपली जांभ्याची माती एकटीच भरली तर वाळून विटेसारखी होते आणि कोवळं मूळ भिंतीपर्यंत पोचतच नाही. भुशाची ६५० ग्रॅमची वीट पाण्यात फुगून आठ लिटरच्या आसपास होते. सोडणं (नारळाच्या साली) खाऱ्या पाण्यात कुजवून काढलेला भुसा असेल तर दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावा, मिठाने कोंब करपतो.

मिरचीच्या दोन बिया अर्धा ते एक सेंमी खोल. सात ते बारा दिवसांत उगवतात. दोन पानं आली की कमजोर रोप कात्रीने कापायचं, उपटायचं नाही; उपटताना शेजारच्याचंही मूळ हलतं. काकडी, दुधी, दोडका दीड-दोन सेंमी खोल. कारल्याचं बी रात्रभर भिजवून. मिरची ३५ ते ४० दिवस कुंडीत राहते, वांगं महिनाभर, वेलभाज्या फक्त १२ ते १५ दिवस. म्हणून वेलांसाठी पान ३३ सेंमीवर कापून दीडच वेढा घ्यावा, तीन थर पुरतात. किती थर घ्यायचे ते रोप किती दिवस बसणार यावर ठरतं. पाच थरांत काकडी लावली तर तिला घाई आणि कागदाला सवड, अशी पंचाईत होते. खरं तर वेलभाज्यांनाच या कुंडीचा सर्वांत जास्त फायदा, त्यांच्या मुळांना धक्का अजिबात सोसत नाही. तांबडी भाजी, मुळा, कोथिंबीर मात्र वाफ्यातच फेकावी. त्यांना कुंड्या वळणं म्हणजे नसता उद्योग.

भरलेल्या कुंड्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये एकमेकींना चिकटून उभ्या कराव्यात. ५४ बाय ३६ सेंमीच्या क्रेटमध्ये २८ बसतात. एकट्या कुंडीला चारी बाजूंनी वारा लागून कागद सुकतो, मग तो आतल्या मातीतलं पाणी ओढतो. पावसात उलटं करायचं: दोन कुंड्यांमध्ये बोटभर फट ठेवायची, नाहीतर हवा खेळत नाही. थर्माकोलचं मासळीचं खोकं वापरायचं असेल तर साबणाने धुऊन दोन दिवस उन्हात ठेवावं आणि तळाला पाच-सहा भोकं पाडावीत. धुण्यात कुचराई झाली तर रात्रीत मांजर रोपांवर बसलेलं सापडतं.

पाणी झारीने वरून नको, धार घड्या उचकटते. पसरट परातीत एक सेंमी पाणी घेऊन कुंड्या दहा-पंधरा मिनिटं ठेवायच्या आणि उरलेलं पाणी ओतून टाकायचं. कागदाचा बाहेरचा रंग फिका झाला की पुन्हा. ओली कुंडी काठाला धरून उचलली की तळ खालीच राहतो. स्वयंपाकघरातलं रुंद उलथणं तळाखाली सरकवावं.

बाहेरून पांढरी लव आली की लोक घाबरतात. ती कागद खाणारी बुरशी, रोपाला सहसा काही करत नाही. पाणी कमी आणि वारा जास्त केला की मागे हटते. रोप मात्र मातीलगत बारीक पडून आडवं झालं तर तो मर रोग, मूळ कारण बहुधा जास्तीचं पाणी. तशी कुंडी मातीसकट बाहेर टाकावी. पेरण्याआधी बियाण्याला किलोमागे पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणाऱ्या मित्रबुरशीची पूड) चोळलेलं बरं. घरच्या मूठभर बियांना चिमूट पुरते. खालची पानं पिवळी पडू लागली तर समजावं की कागद कुजायला लागला. कागदात नत्र नावालाच असतं, तो कुजवणारे जीव मग मातीतलं नत्र उचलतात. वीस भाग पाण्यात एक भाग गोमूत्र, आठवड्यातून एकदा, रोपाची दोन खरी पानं (उगवतानाच्या पहिल्या जोडीनंतरची) आल्यानंतर.

वाळवीचं तुम्ही सांगितलंत तेही लक्षात ठेवलं आहे. गठ्ठे तुम्ही दुकानात जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून कधीच ठेवत नाही. आम्हीही क्रेट विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवतो. नुसत्या ओल्या जमिनीवर ठेवलेल्या कुंड्यांचे तळ वाळवी खालून पोखरते, आणि वरून काही दिसत नाही. कुंड्या वळायचं काम मात्र पाऊस लागायच्या आत उरकावं. जुलैत कागद हवेतलं दमट पाणी पिऊन लुळा पडतो, घडी बसत नाही. नळ्या वळून चपट्या करून डब्यात ठेवल्या आणि तळ भरतेवेळी दुमडला तर जागाही कमी लागते.

लावताना कुंडी क्षणभर पाण्यात बुडवायची, तळाच्या घड्या उलगडायच्या आणि वरचा दुमडलेला काठ फाडून टाकायचा. काठ फाडणं विसरू नये. मातीच्या वर राहिलेला कागद दिव्याच्या वातीसारखा खालचं पाणी वर ओढतो आणि उडवून टाकतो. आतला गोळा कोरडा पडतो, बाहेरची जमीन ओली असूनही रोप सुकतं. हिवाळी लागवडीत हे जास्त होतं. पावसाळ्यात तोच काठ गोगलगायींचा आसरा होतो. दिवसा त्या घडीत लपतात आणि रात्री कोंब खातात.

काणकोणच्या खोला मिरचीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तिचं बी मागणारे वाढले आहेत. बी महाग, हाती येतं ते मोजकं. असलं बी वाफ्यात फेकून उपटून लावण्यापेक्षा एकेका कुंडीत वाढवलेलं परवडतं. यंदा आमच्याकडची खोल्याची रोपं सगळी तुमच्या गठ्ठ्यातल्या पानांत वाढली.

आता पुढचं काम. वायंगणाच्या (हिवाळी हंगामाच्या) वांग्या-टोमॅटोंची पेरणी ऑक्टोबरात. दसऱ्याआधी तीन किलो लागतील: मोठ्या आकाराची, काळ्या मजकुराची पानं, सुतळी सैल बांधलेली, कारण घट्ट सुतळीने कडांना चुण्या पडतात आणि तिथेच कुंडी फाटते. पैसे या वेळी तरी पूर्ण घ्या. टोमॅटो लागले की पहिली टोपली दुकानावर येईल, ती पैशांत धरू नका.

देव बरें करूं.

तुमची,
बार्देशातली परसबागवाली मंडळी