आबासाहेब, त्या १९२ मतांत आमची चार होती

आदरणीय आबासाहेब (गणपतराव देशमुख),
सादर नमस्कार.

हे पत्र तुम्ही असतानाच लिहायला हवं होतं. ३० जुलै २०२१ ला तुम्ही गेलात, तेव्हाही वडील म्हणाले, "लिही की दोन ओळी." माझाच हात धजला नाही. कारण आमचं घर काँग्रेसचं. तुमच्या शेतकरी कामगार पक्षाच्या खटारा चिन्हावर शिक्का मारणं आजोबांच्या लेखी पापच. १९९५ ला तुम्ही १९२ मतांनी पडलात, त्यात आमच्या घरची चार मतं होती. त्या रात्री आजोबा गुलालाने माखून आले, आणि मी लहान होतो म्हणून मलाही माखलं.

१९६२ ला तुम्ही पहिल्यांदा सांगोल्यातून आमदार झालात. वकिली शिकलेला माणूस, सनद होती, आमच्या भागात तेव्हा असे किती होते? कोर्टातच राहिला असतात तरी घर छान चाललं असतं. त्याऐवजी ११ वेळा निवडून आलात आणि १९७२ व १९९५ ला दोनदा पडलात, तरी लाल बावटा काही सोडला नाहीत. एसटीत आमदारासाठी राखीव बाक असतो. त्यावर खरोखर बसणारा आमदार आमच्या पिढीने एकच पाहिला. (आता तो बाक कुणी वापरतं का, कंडक्टरला विचारायला हवं.)

पण आभार मानायचे आहेत ते पाण्याचे. आमच्याकडे पाऊस म्हणजे पाहुणा, आला तर आला. डाळिंबाची झाडं जगवायला वडिलांनी उन्हाळ्यात टँकर विकत घेतले, पीक येण्याआधीच कर्ज. कऱ्हाडजवळच्या टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून, टप्प्याटप्प्याने वर चढवून माणदेशाकडे आणायचं, हे ऐकून गावात लोक हसायचे. तुम्ही आणि क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी मात्र आटपाडीच्या पाणी परिषदेत तेच तेच मागत राहिलात, दुष्काळी १३ तालुक्यांसाठी. विधानसभेतही तेच. वकिलाची चिकाटी म्हणायची की शेतकऱ्याची, मला ठरवता येत नाही.

पाणी आमच्या शिवारात आलं तेव्हा वडील बांधावर चप्पल हातात घेऊन उभे होते. खटाऱ्याला मत न देणाऱ्याच्या शेतातही ते तसंच शिरलं.

तुम्ही सांगोल्यात उभारलेल्या सूतगिरणीचंही तेच. आत्या तिथे कामाला लागली, "तुमचं घर कुणाकडं?" असं तिला कुणी विचारलं नाही. आजोबांना ते फार लागलं होतं, म्हणजे चांगल्या अर्थाने.

२०१४ ला तुम्ही अकराव्यांदा निवडून आलात. मतदानाच्या दिवशी आजोबा मत देऊन आले, पायरीवर बसून पाणी प्यायले. दर निवडणुकीला ते येताक्षणी कुणाला दिलं ते ओरडून सांगायचे. त्या दिवशी आजीने दोनदा विचारलं, तरी बोलले नाहीत.

आपला,
सांगोला तालुक्यातला एक डाळिंबवाला