आप्पा, हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवा

उधना, सुरत
आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचा रविवार

तीर्थरूप आई आणि आप्पा यांस,
साष्टांग नमस्कार.

यंदा आखाजी एप्रिलातच आली. इकडे शाळेला सुट्टी लागायला अजून अवकाश आहे आणि परीक्षेचे पेपर तपासायचे पडले आहेत, त्यामुळे सणाला मला येता येणार नाही. आई, तू पितरांची घागर भरशील, खापरावर मांडे टाकशील आणि रस काढताना माझ्या वाटणीचा बाजूला ठेवशील, हे मला ठाऊक आहे. या वेळी तो तूच पी.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण आप्पा, तुम्ही "बरी शे ना?" एवढं विचारता आणि फोन आईकडे देता. मग आई कापसाचा भाव, भाऊबंदांतली लग्नं आणि गावात कोण आजारी आहे ते सांगत राहते. म्हणून पत्र लिहायला घेतलं. तुमच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून अक्षर मोठं काढलंय, एकेक ओळ सोडून लिहिलंय. आईला वाचता येत नाही, तेव्हा तुम्हीच तिला वाचून दाखवायचं. ओसरीवर बसून, मोठ्यानं, मधलं काही न गाळता. तुम्ही दोघं जे एकमेकांना कधी बोलला नाहीत, त्यातलं थोडं यात आहे. ते तुमच्या आवाजात आईच्या कानावर जावं एवढीच माझी इच्छा आहे.

आप्पा, 2006 चा ऑगस्ट आठवा. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आम्ही वेड रोडला भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि तुमचे जावई लूमवर रात्रपाळी करत होते. उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापी शहरात शिरली. आपल्या अमळनेर तालुक्याच्या कडेनं वाहत येते तीच तापी. आमचा तळमजला बुडाला. ओडिशाच्या आणि यूपीच्या कारागिरांच्या कुटुंबांबरोबर आम्ही गच्चीवर बसून होतो. वीज गेलेली, फोन बंद. तुम्हाला काहीच कळवता आलं नाही.

पाणी उतरल्यावर गल्लीत गुडघाभर चिखल होता आणि त्या चिखलातून तुम्ही येताना दिसलात. पायजमा वर दुमडलेला, डोक्यावर टोपी नाही, खांद्यावर गोणी. मिळेल त्या गाडीनं, ट्रकनं आणि शेवटी पायी आला होतात. खोलीत शिरून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग जावयांकडे, आणि विचारलंत, "घरमजार पानी कितलं व्हतं?" मी भिंतीवरची रेघ दाखवली. ती माझ्या डोक्याच्याही वर होती. तुम्ही हात उंच करून त्या रेघेवर तळवा टेकवलात आणि बराच वेळ तो तसाच ठेवलात. बोलला काहीच नाहीत. तुमची बोटं थरथरत होती, ते मी पाहिलं.

मग गोणी सोडलीत. वरच्या भाकरी वाळून कडक झाल्या होत्या. खाली शेंगदाण्याची चटणी, बिबडे, मेणबत्त्या, काडेपेट्या. मी तुमच्यासाठी ताट शोधत होते, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "पहिले पोरेसले दे." शेजारच्या खोलीतल्या ओडिया बाईची दोन मुलं दाराशी उभी होती. त्यांची भाषा तुम्हाला येत नव्हती, तुमची त्यांना येत नव्हती. तुम्ही भाकरीचे तुकडे करून चटणी लावून त्यांच्या हातात देत राहिलात.

1972 च्या दुष्काळात तुम्ही 12 वर्षांचे होतात, आजीबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचात. तिथं मिळणारी सुकडी आजी स्वतः न खाता तुमच्या टोपीत ओतायची. हे तुम्ही आयुष्यात एकदाच सांगितलंत, तेही मी मिलोच्या, दुष्काळात मिळणाऱ्या त्या परदेशी लाल ज्वारीच्या, नावानं नाक मुरडणाऱ्या म्हाताऱ्यांची गोष्ट काढली म्हणून. पण तेव्हापासून मला कळतं, की उपाशी माणूस समोर आला की तुम्ही त्याचं गाव, आडनाव का विचारत नाही.

आणि आई, त्या भाकरी तुझ्या होत्या. आप्पा म्हणाले, "मी सुरतले जास." तू कसे, कधी, कुठून, काहीही न विचारता परात ओढलीस आणि रात्रभर भाकरी थापल्यास. हे मला काकूनं सांगितलं. तू अजूनही विषय काढत नाहीस.

तुझ्या धाडसाला आवाज कधी नव्हता. मी शाळेत असताना कापूस वेचायला सातपुड्यातून पावरा मजूर आले होते. त्यातल्या एका बाईला शेतातच कळा सुरू झाल्या. तू तिला घरात आणलंस, आपल्या मधल्या खोलीत, तुझ्या गोधडीवर. गोठ्यात जागा असताना घरात कशाला, असं आजी आणि गल्लीतल्या बाया म्हणाल्या. "ती बी कोनी तरी आंडेर शे," तीही कोणाची तरी लेक आहे, एवढं म्हणून तू चुलीवर पाणी ठेवलंस. आजी पुढं कितीतरी दिवस तुझ्याशी बोलली नाही. तू वाद घातला नाहीस आणि त्या बाळंतिणीला तूप-गूळ द्यायचंही थांबवलं नाहीस.

आप्पा, आता पुढचा भाग वाचायला जड जाईल. तरी वाचा.

2017 ला बोंडअळी आली. कपाशी बाहेरून हिरवीगार, कमरेला लागेल एवढी, आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. फुलं उमलायचीच नाहीत, नुसत्या डोमकळ्या. जो निघाला तो कवडी कापूस, वेचणीची मजुरीही सुटेना. सोसायटीचं कर्ज, दुकानदाराची औषधांची उधारी, आणि पाडळसऱ्याच्या धरणाचं पाणी येणार, येणार, हे तर माझ्या लग्नाआधीपासून नुसतं ऐकत आलोय. त्या वर्षी मी दिवाळीला आले तेव्हा तुम्ही कोणाशी बोलत नव्हता. शेतात जायचात, उभ्या पऱ्हाटीकडे बघून परत यायचात. जेवायला बसायचात आणि ताट तसंच राहायचं.

भाऊबीजेला साडी काढायला मी आईची पेटी उघडली. डांबरगोळ्यांच्या वासाऐवजी फवारणीच्या औषधाचा वास आला. तिच्या लग्नाच्या शालूखाली, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, औषधाचा डबा होता. एरवी तो गोठ्याच्या कोनाड्यात असायचा. मी तसंच झाकण लावलं. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली पुन्हा कमरेला खोचली. त्या रात्री लक्षात आलं, की तिनं अंथरूणही दाराला आडवं घातलं होतं. तुम्हाला उठून बाहेर जायचं तर तिला ओलांडूनच जावं लागलं असतं.

आई, तू त्यांना एका शब्दानं विचारलं नाहीस, समजावलं नाहीस, रडली नाहीस. आणि आप्पा, तुम्हाला हे माहीत होतं. कोनाडा रिकामा दिसल्यावर डबा कुठं गेला हे तुम्ही कधीच विचारलं नाहीत. मग तुम्ही पऱ्हाटी उपटून हरभरा पेरलात, तेव्हा आई बियाण्याची पाटी घेऊन तुमच्या मागे चालत होती. अशी दुसरी माणसं मी पाहिली नाहीत. आपल्या भागात त्या वर्षांत ज्या घरांतून कर्ता माणूस गेला, त्यातल्या दोन घरांतली मुलं आज माझ्या वर्गात आहेत. त्यांची हजेरी घेताना मला आईची पेटी आठवते.

मागच्या दिवाळीचंही लिहायला हवं. आई मोरीत घसरली आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. मी पहाटे उठले तर चुलीजवळ आई पाटावर बसलेली आणि मागे आप्पा. तिच्या केसांना तेल लावून तुम्ही वेणी घालत होता. बैलांसाठी अंबाडीचं चऱ्हाट वळता तशी, प्रत्येक पेड ओढून, घट्ट. शेवटी गोंडा बांधलात आणि एकदा हातात धरून वेणी सरळ आहे का ते पाहिलंत. आई डोळे मिटून बसली होती. चार माणसांत तुम्ही एकमेकांचं नावही घेत नाही. मी परत आत जाऊन पडून राहिले, कारण मी पाहिलं हे कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही काकूला बोलावलं असतं.

आता कामाचं. एवढी वर्षं तुमचं न बोलणं तुम्हाला तारून गेलं, पण या वयात ते तुमचं नुकसान करतंय असं मला वाटतं, आणि हे मी स्पष्टच लिहिते. आई मला फोनवर हळू आवाजात सांगते की आप्पांना संध्याकाळनंतर दिसत नाही, परवा बांधावर पडता पडता वाचले. आप्पा अंगणात जाऊन सांगतात की आईचे गुडघे सुजलेत, ती रात्रभर झोपत नाही. दोघांनीही मला बजावलंय की दुसऱ्याला सांगू नको. मी आज दोघांचंही सांगून टाकलं. आप्पा ऑपरेशन टाळतात कारण मागे आईकडे कोण बघणार. आई दवाखान्यात येत नाही कारण आधी आप्पांचे डोळे होऊ दे. असं एकमेकांसाठी थांबून दोघांचंही दुखणं वाढत चाललंय. एकमेकांना कुठं दुखतंय ते आता सांगत जा. ते सांगितल्यानं कोणाचं ओझं वाढत नाही, उलट मला इथं झोप लागेल.

मे महिन्यात सुट्टी लागली की दोघांनी इकडे या. आप्पांच्या मोतीबिंदूचं मी डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. आधी डावा डोळा, महिन्याभरानं उजवा. त्याच दिवसांत आईचे गुडघे दाखवून घेऊ, ऑपरेशन लागेल की गोळ्या-मालिशवर भागेल ते डॉक्टर सांगतील. खर्चाचा विषय काढू नका, तुमच्या जावयांनी आणि मी तो बाजूला ठेवलेला आहे. लागवडीचं मनात आणाल, म्हणून काकांना मी फोन केला होता. बैल, गाय आणि पहिल्या पावसाची लागवड ते बघतो म्हणालेत.

भुसावळकडून येणारी सकाळची गाडी धरा, नंदुरबारनंतर गर्दी वाढते, तेव्हा अमळनेरलाच जागा पकडून बसा. सुरतेपर्यंत न जाता उधन्याला उतरा. मी फलाटावर असेन. आई, सामान फार आणू नकोस. बिबडे आण, आणि पोरांनी मागितलंय म्हणून कळण्याचं थोडं पीठ. बाकी इथं सगळं मिळतं.

तुमची लेक